गाडीच्या एसीत स्वयंपाकाचा गॅस भरू नका

‘गाडी जुनी झाली, एसी थंड करत नाही? गॅरेजवाल्याचे खिसे भरू नका, हे पाच उपाय घरीच करा.’ हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. मी तो वाचून सोडून दिला असता. पण माझ्या आत्येभावाने तो वाचला आणि मला फोन करून विचारलं, ‘सिलिंडरच्या रेग्युलेटरला एसीची नळी जोडायला कुठला नोझल लागतो रे?’ त्याच्या गाडीत मागच्या सीटवर रोज दोन लहान मुलं बसतात. म्हणून हे लिहितोय.

मेसेजमधले पाच उपाय असे. एसीचा गॅस दर उन्हाळ्यात संपतो, तो दरवर्षी भरा. महागड्या गॅसऐवजी स्वयंपाकाचा गॅस भरा, तो जास्त थंड करतो. लीकेज असेल तर सीलरचा डबा सोडा. बॉनेट उघडून पुढच्या जाळीवर पाणी मारा. आणि आतलीच हवा फिरवणारं बटण कायम दाबून ठेवा.

आधी दुसरा उपाय घेतो. बाकीच्यांनी नुकसान होईल, पण याने माणसं भाजतील.

स्वयंपाकाच्या गॅसमधले प्रोपेन आणि आयसोब्युटेन थंडावा चांगला देतात, हे खरं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढंच उचललं. घरातल्या नव्या फ्रिजमध्येही आयसोब्युटेनच असतो, हा युक्तिवाद मला लगेच ऐकवला गेला. असतो, पण बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये तो शंभर ग्रॅमहूनही कमी असतो आणि त्याच्या तांब्या-लोखंडाच्या नळ्या कारखान्यातच कायमच्या बंद केलेल्या असतात. गाडीत रबरी होज असतात, जोडांवर ओ-रिंग असतात, कॉम्प्रेसरच्या शाफ्टला सील असतं आणि हे सगळं इंजिनाच्या उष्णतेत, खड्ड्यांच्या हादऱ्यांत वर्षानुवर्षं चालतं. जुन्या गाडीचा एसी कमजोर होतो तो बऱ्याचदा याच ठिकाणांहून गॅस गळतो म्हणून. म्हणजे जिथून आधीचा गॅस गेला, तिथूनच हा पेटणारा गॅस जाणार.

आणि जाणार कुठे? कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते आणि ब्लोअर तिच्यावरूनच हवा केबिनमध्ये ढकलतो. साधा हिशोब करा. छोट्या गाडीच्या केबिनमध्ये साधारण ३ घनमीटर हवा मावते. प्रोपेनचं प्रमाण हवेत सुमारे २.१ टक्क्यांवर गेलं की ती हवा पेट घेऊ शकते. ३ घनमीटरचे २.१ टक्के म्हणजे ६३ लिटर, आणि तेवढ्या प्रोपेनचं वजन जेमतेम ११५ ग्रॅम भरतं. मूळ गॅस अर्धा किलो लागणाऱ्या गाडीत हा हलका गॅस त्याच्या निम्म्याहून कमी वजनाचा बसतो, तरी तो या ११५ ग्रॅमपेक्षा जास्तच भरेल. त्यात ब्लोअरच्या मोटरचे ब्रश, एखादा रिले, कुणी शिलगावलेली काडी, यातलं काहीही पुरेसं आहे.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, जुन्या गाड्यांतल्या आर-१२ गॅसच्या जागी असे ज्वलनशील हायड्रोकार्बन भरायला १९९०च्या दशकातच मनाई केली. कारण एकच: या गाड्यांचे एसी पेटणाऱ्या गॅससाठी बनवलेलेच नाहीत. त्यानंतर आलेल्या आर-१३४ए या एसीच्या गॅसवर चालणाऱ्या गाड्यांनाही हेच कारण जसंच्या तसं लागू पडतं.

‘मग नव्या गाड्यांच्या एसीतला आर-१२३४वायएफ गॅसही जळतोच की!’ जळतो, पण मंद. त्याची ज्योत सेकंदाला दीड सेंटीमीटरच्या आसपास सरकते, प्रोपेनची चाळीसच्या आसपास. शिवाय त्या गाड्यांची कूलिंग कॉइल त्या गॅससाठीच्या वेगळ्या मानकाप्रमाणे बनवलेली असते. पंधरा वर्षं जुन्या गाडीला ते संरक्षण कुठून येणार? आणि उद्या ती गाडी दुसऱ्या मेकॅनिकसमोर उभी राहिली, तर आत काय भरलंय हे त्याला कोण सांगणार? तो नेहमीच्या सवयीने गॅस काढायचं मशीन लावेल आणि धोका त्याच्याही अंगावर येईल.

आता पहिला उपाय. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तोच तो बंद चक्रात फिरत राहतो. जुन्या होजमधून आणि सीलमधून वर्षानुवर्षं थोडाथोडा झिरपतो, एवढं मान्य. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी ठळक लीकेज आहे आणि ते आधी शोधायला हवं. नुसत्या टॉप-अपमध्ये दुसरा घोटाळा असा की आत किती गॅस उरलाय ते कळतच नाही. एसी बंद असताना आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल, तरी गेजवरचं प्रेशर बाहेरच्या तापमानाप्रमाणे दिसतं. गॅस पाव आहे की पुरता, ते त्यावरून सांगता येत नाही. अंदाजाने जास्त भरला तर कूलिंग उलट कमी होतं आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

सीलरबद्दल फार लिहीत नाही. गॅस जिथून कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, त्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातही तो जमू शकतो आणि गॅस काढायच्या मशीनचंही नुकसान करतो, त्यामुळे सीलर टाकलेली गाडी काही गॅरेजवाले हातात घेत नाहीत.

पाणी मारायच्या उपायात अर्धं तथ्य आहे. भावाच्या गाडीत टॉर्च मारून पाहिलं तर कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत चिखल, वाळका पाला आणि मेलेले किडे यांचा अक्षरशः नमदा झाला होता. असा कंडेन्सर गाडी थंड असताना साध्या नळाच्या पाण्याने, हलक्या धारेने धुतला तर फरक पडतो. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर पत्र्याच्या नाजूक पात्या आडव्या होतात आणि हवेची वाट आणखी बंद होते.

बटणाचंही तसंच. तापलेल्या गाडीत आधी काचा उघडून गरम हवा बाहेर घालवा, मग आतली हवा फिरवा; गारवा लवकर येतो. पण लांबच्या प्रवासात ते कायम चालू ठेवलं तर कार्बन डायऑक्साइड साठतो आणि चालकाला पेंग येते. अधूनमधून बाहेरची हवा घ्याच.

गॅसवर जाण्याआधी बघायच्या गोष्टी मेसेजमध्ये एका ओळीतही नाहीत. गाडी धावताना थंड आणि सिग्नलला उभी राहिली की कोमट, असं होत असेल तर पुढचा फॅन आणि कंडेन्सर बघा. हवाच कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा. सुरुवातीला गारठा आणि तासाभराने झोतच बंद, असं असेल तर कॉइलवर बर्फ धरतोय. एसी चालू असताना बॉनेटखालचा जाड पाइप गार पडून त्याला पाणी सुटलंय, तरी आत कोमट हवा येत असेल, तर गॅसकडे बोट दाखवण्याआधी हीटरची गरम हवा अडवणारा फ्लॅप नीट बंद होतोय का ते तपासायला सांगा.

आणि गॅस भरायचाच असेल तर तिथे उभे राहून तीन गोष्टी करून घ्या. नायट्रोजन किंवा डाय (गळती दाखवणारा रंग) वापरून लीकेज शोधायचं. दुरुस्तीनंतर किमान अर्धा तास व्हॅक्युम मारायचा, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढायची, कारण आत राहिलेला ओलावा व्हॉल्व्हमध्ये गोठतो आणि तेलात मिसळून आतून गंज धरवतो. मग गॅस वजन करूनच भरायचा. कुठला गॅस आणि किती ग्रॅम, ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं; स्टिकर पुसला गेला असेल तर कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा मागा.