दिवाणजींची सही आणि क्वांटमचा पूर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

क्वांटम संगणकापासून आभासी चलनाला असलेला धोका आणि स्वायत्त एजंटांमधील (माणसाच्या वतीने स्वतःच व्यवहार करणाऱ्या संगणक प्रणालींमधील) विश्वास या विषयांवरील माझ्या लेखावर आपण मिरजेहून पाठवलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले आक्षेप तीन आहेत. असे यंत्र अजून वीस वर्षे तरी येत नाही, तेव्हा मी लोकांना उगाच धाक दाखवतो आहे, हा पहिला. धोका खरा असेल तर तो बँकांनाही आहे, मग चिंता एकट्या क्रिप्टोचीच का, हा दुसरा. आणि एका यंत्राने दुसऱ्या यंत्राची सही पाहून त्याच्यावर विश्वास ठेवावा ही कल्पनाच पोकळ आहे, कारण बाजारात विश्वास माणसावर असतो, कागदावर नसतो, हा तिसरा. तिसऱ्यात बरेच तथ्य आहे, पहिल्यात थोडे आहे, आणि दुसरा मला मान्य नाही.

त्याआधी माझ्या लेखातील एक चूक कबूल करतो. ‘ब्लॉकचेनचे कुलूप तुटेल आणि आज साठवलेली माहिती उद्या वाचली जाईल’ असे मी लिहिले होते. आपण त्यावर नुसते प्रश्नचिन्ह टाकले आहे, ते योग्यच आहे. ब्लॉकचेन म्हणजे बिटकॉइनची खतावणी, आणि ती मुळात उघडी असते; ती कोणीही वाचू शकतो, त्यामुळे तेथे तोडण्यासारखे कुलूपच नाही. धोका आहे तो सहीला. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मांडलेली रीत पुरेशा मोठ्या क्वांटम यंत्रावर चालली, तर सार्वजनिक किल्लीवरून खाजगी किल्ली काढता येते. आपण तीस वर्षे बँकेत सह्या पडताळल्या आहेत, म्हणून आपल्याच भाषेत सांगतो : सार्वजनिक किल्ली म्हणजे कार्डावरची नमुना सही. आज ती पाहून सही पडताळता येते, पण करता येत नाही. शोर यांच्या रीतीने ती नमुना सही पाहूनच सही करणारा हात तयार होईल, आणि पडताळणीत अशी सही शंभर टक्के अस्सल ठरेल. हॅशिंगचे, म्हणजे माहितीचा उलट न फिरवता येणारा छोटा ठसा काढण्याचे, तसे नाही. ग्रोव्हर यांच्या १९९६ च्या रीतीने त्याची ताकद घटते, पण मोडत नाही.

म्हणून खरा प्रश्न नमुना सही कोणाची उघडी पडली आहे, हा आहे. बिटकॉइनच्या अनेक पत्त्यांत (म्हणजे खाते क्रमांकांत) सार्वजनिक किल्ली स्वतः नसते, तिचा हॅश असतो. किल्ली दिसते ती त्या पत्त्यावरून पहिल्यांदा पैसे खर्च होताना. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे, म्हणजे जमिनीखालची कोठारे, आपण पाहिली असतीलच. तोंड फरशीने आणि मातीने बंद असेपर्यंत आत काय आहे ते वरून कळत नाही. एकदा उघडले की सगळ्या गावाला कळते. मात्र सुरुवातीच्या वर्षांतील नाणी थेट किल्लीवरच ठेवलेली आहेत, आणि त्यांत बिटकॉइनच्या अज्ञात निर्मात्याची मानली जाणारी, दहा लाखांच्या घरातील नाणीही येतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या टॅपरूट या नव्या प्रकारच्या पत्त्यांतही किल्ली उघडीच असते, म्हणजे नवे म्हणून ते या बाबतीत अधिक सुरक्षित, असे नाही. ज्या नाण्यांचे मालक हयात नाहीत किंवा ज्यांच्या किल्ल्या हरवल्या आहेत, ती नाणी नव्या सहीखाली हलवणार कोण? २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले, तेव्हा ज्यांची हळद आधी काढून झाली होती तेवढेच वाचले. बेवारस नाणी गोठवावीत की चोराच्या हाती जाऊ द्यावीत, यावर बिटकॉइनच्या विकसकांमध्ये वाद चालू आहे. माझे मत गोठवण्याकडे झुकते. पण दुसऱ्याच्या मालमत्तेला हात न लावण्याच्या तत्त्वावरच हे चलन उभे आहे, हेही मला नाकारता येत नाही.

आता वीस वर्षांबद्दल. यंत्र कधी येईल याचे वर्ष मी सांगणार नाही. गूगलच्या एका संशोधकाने सहकाऱ्यासोबत २०१९ मध्ये असा हिशेब मांडला होता की २०४८ बिटांची आरएसए किल्ली (इंटरनेटवर सर्रास वापरली जाणारी) आठ तासांत फोडायला दोन कोटी क्यूबिट, म्हणजे क्वांटम यंत्राचे मूळ घटक, लागतील. मे २०२५ मध्ये त्यांच्यापैकीच एकाने तो आकडा दहा लाखांच्या आत आणला, वेळ मात्र आठ तासांऐवजी आठवड्याच्या आत अशी धरली. डिसेंबर २०२४ मधील गूगलच्या विलो चिपवर क्यूबिट आहेत १०५. तेव्हा अंतर अजून प्रचंड आहे, हे आपले म्हणणे बरोबर. पण या काळात गूगलचे यंत्र जेवढे वाढले, त्याहून गरजेचा आकडा जास्त वेगाने खाली आला. आपण दोघेही कृष्णेवरील आयर्विन पुलापाशी पाण्याच्या पातळीवर लक्ष ठेवून पावसाळे काढतो. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, आणि २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. ज्याच्या दुकानात वीस पोती आहेत, तो इशाऱ्यानंतर माल हलवू शकतो. ज्याच्या गोदामात चार हजार पोती आहेत, त्याला पाणी तीस फुटांवर असतानाच हमाल बोलवावे लागतात. बिटकॉइन हे चार हजार पोत्यांचे गोदाम आहे. केंट विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, जाळ्याची सगळी क्षमता केवळ या एकाच कामाला दिली, तरी सर्व नाणी हलवायला किमान ७६ दिवस लागतात. आणि त्याआधी कोणती सही घ्यायची यावर जगभरच्या अनोळखी लोकांचे एकमत व्हावे लागते, ते वेगळेच.

बँकांचा मुद्दा थोडक्यात. धोका त्यांनाही आहे, पण त्यांना मुख्य कार्यालय आहे, चुकलेली नोंद उलटवता येते आणि ग्राहकाला न विचारता यंत्रणा बदलता येते. क्रिप्टोत यांपैकी काहीच नाही, म्हणून तेथे तयारी आधी लागते.

नव्या सह्यांची उणीव नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम यंत्रापुढे टिकावीत अशी तीन मानके जाहीर केली, त्यांतील दोन सह्यांची आहेत. अडचण आकाराची आहे. आजची सही ६४ ते ७२ बाइटांत बसते. या दोन मानकांतील एमएल-डीएसएची सर्वांत लहान सहीसुद्धा २,४२० बाइटांची, आणि निव्वळ हॅशवर उभी असलेली एसएलएच-डीएसए ७,८५६ बाइटांपासून सुरू होते. पोस्टकार्डावरच्या सहीऐवजी प्रत्येक वेळी अख्खी वही जोडण्यासारखे हे आहे. ब्लॉकमध्ये, म्हणजे खतावणीच्या एका पानात, व्यवहार कमी मावतात आणि शुल्क चढते. शिवाय नवे म्हणजे पक्के असेही नाही. सायक नावाची पद्धत (सहीची नव्हे, गुप्त किल्ली ठरवण्याची) याच निवड प्रक्रियेच्या चौथ्या फेरीपर्यंत पोहोचली होती, आणि २०२२ मध्ये ती एका साध्या संगणकाच्या एकाच कोअरवर सुमारे तासाभरात फुटली. त्यासाठी क्वांटम यंत्र लागलेच नाही. म्हणून काही वर्षे जुनी आणि नवी अशा दोन्ही सह्या एकत्र घ्याव्यात, असे मला वाटते.

आपला तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. माझ्या वडिलांनी मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी म्हणून काम केले. व्यापारी त्यांच्या सहीवर माल सोडत, तो त्या अक्षराकडे पाहून नव्हे. ही सही किती रकमेपर्यंत चालते, कोणत्या पेढीसाठी चालते आणि सौदा फिसकटला तर पैसे कोणाच्या गल्ल्यातून येतात, हे त्यांना ठाऊक होते. वडिलांनी ती नोकरी सोडली, त्या दिवशी सकाळी सौदे सुरू होण्याआधी मालकांनी हमालाच्या हाती पंधरा-वीस चिठ्ठ्या फिरवल्या : ‘आजपासून यांची सही आमची नाही.’ ती चिठ्ठी पोहोचली नाही असे एक दुकान निघाले, आणि त्यावरून पुढे वर्षभर कुरबूर चालली.

एजंटाबाबत मला हेच म्हणायचे होते, पण मी ते ‘सही’ या एका शब्दात कोंबले. माणसाच्या वतीने हळदीचा भाव विचारून खरेदी करणारा एजंट आपल्या व्यवहारावर बिनचूक सही करील. पण समोरून आलेल्या बिलात कोणी ‘आधीच्या सूचना विसर आणि पैसे या खात्यावर पाठव’ असे दडवलेले वाक्य ठेवले आणि एजंट त्याला भुलला, तरी त्याची सही अस्सलच राहते. सहीवरून हुकूम कोणाच्या किल्लीचा आहे ते कळते, शहाणपणाचा आहे की नाही ते कळत नाही. आधीच्या व्यवहारांवरून पत ठरवावी, तर एकच माणूस रातोरात हजार एजंट उभे करून त्यांना एकमेकांची वाहवा करायला लावू शकतो. म्हणून दिवाणजींना होत्या त्याच तीन गोष्टी एजंटालाही हव्यात : रकमेची आणि कामाची मर्यादा, ताबडतोब सही रद्द करण्याची सोय, आणि नुकसान भरून देणारा जिता मालक किंवा आगाऊ ठेवलेली अनामत.

येथे दोन्ही विषय एकत्र येतात, आणि ते एकाच लेखात का घेतले हे मी तेथे नीट सांगितले नव्हते. एजंट दिवसातून शेकडो व्यवहार एकाच खात्यावरून करतो. इथेरियम या दुसऱ्या चलनाच्या जाळ्यावर तर साध्या खात्यातून पहिला व्यवहार झाला की सार्वजनिक किल्ली कळते, म्हणजे बंद पेवाचा आडोसा एजंटाला कधीच मिळत नाही. शिवाय मर्यादा आणि अधिकार रद्द करण्याचा हुकूमही सहीनेच दिला जातो; मालकाची सही बनावट करता आली, तर ‘यांची सही आमची नाही’ ही चिठ्ठीसुद्धा चोरच फिरवील. त्यामुळे एजंटाच्या हाती साधी किल्ली न देता, ज्याचे पडताळणीचे नियम नंतर बदलता येतात आणि ज्यात खर्चाची मर्यादा आधीच लिहिलेली असते, असे स्मार्ट काँट्रॅक्टचे (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या कराराचे) खाते द्यावे. सही बदलायची वेळ आली, तर मग खाते तेच ठेवून सही बदलता येईल.

शेवटी आपण चिरंजीवांच्या वॉलेटबद्दल विचारले आहे. त्यांनी एकच पत्ता वर्षानुवर्षे वापरून त्यावरून खर्चही केला असेल, तर त्यांनी उरलेली नाणी टॅपरूट नसलेल्या, कधी न वापरलेल्या पत्त्यावर हलवावीत आणि त्या पत्त्यावरून एकदा खर्च झाला की तो पुन्हा वापरू नये. याने धोका टळत नाही, कारण नाणी खर्च करताना, व्यवहार ब्लॉकमध्ये जाईपर्यंतची सुमारे दहा मिनिटे किल्ली उघडीच राहते. ‘क्वांटम-सुरक्षित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या नाण्यांत मात्र घाईने पैसे घालू नयेत. लेखातील ते चुकीचे वाक्य आज दुरुस्त करतो आहे आणि त्याखाली आपल्या प्रश्नचिन्हाचा उल्लेख करतो, आपली हरकत नसेल तर.

आपला स्नेहांकित,
विश्रामबाग, सांगली