८० हर्ट्झ ही फक्त सुरुवात

कारच्या ऑडिओ सेटिंगवरच्या लेखात दारातल्या स्पीकरचा हाय-पास (ठरावीक फ्रीक्वेन्सीच्या खालचे आवाज अडवणारा फिल्टर) आणि सबवूफरचा, म्हणजे खोल बेसच्या स्पीकरचा, लो-पास (वरचे आवाज अडवणारा फिल्टर), दोन्ही ८० हर्ट्झवर ठेवून मोकळे व्हा असं म्हटलंय. सुरुवातीला ठीक आहे, पण उतार, म्हणजे त्या सीमेपलीकडे आवाज किती झपाट्याने कमी होतो, तो किती ठेवायचा याचा लेखात उल्लेखच नाही आणि खरी गोम तिथेच आहे. १२ डीबी (डेसिबल) प्रति ऑक्टेव्ह (फ्रीक्वेन्सी निम्मी किंवा दुप्पट होण्याचा टप्पा) उतार असेल तर ४० हर्ट्झचा आवाज दारात साधारण १२ डीबीनेच कमी होतो, २४ असेल तर दुप्पट. तेवढाच आवाज एक ऑक्टेव्ह खाली काढायला कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) चौपट हलावं लागतं, म्हणून छोटे चार इंची स्पीकर ८० वर धापा टाकतात. त्यांना १००-१२० द्या, खुशाल.

दुसरं, हेड युनिट (डॅशबोर्डवरची म्युझिक सिस्टीम) आणि अॅम्प (अॅम्प्लिफायर) दोन्हीकडे फिल्टर चालू ठेवू नका. उतार एकावर एक चढतात आणि आपण नेमकं काय लावलंय तेच कळेनासं होतं. एकीकडे लावा, दुसरीकडे बंद.

एवढं करूनही बेस पोकळ वाटला तर गेन (अॅम्पची पातळी) वाढवायच्या आधी सबवूफरची पोलॅरिटी (प्लस-मायनसची दिशा) उलटी करून बघा. ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐकायचं, डिकी उघडून नव्हे! ज्या पोलॅरिटीला ८० हर्ट्झच्या आसपासचा ठोका भरीव येतो ती ठेवा. बेस बूस्ट मात्र तोवर शून्यावर, नाहीतर कान फसतात.