साहेब पाठमोरे निघाले, म्हणून मी अपात्र

मी महापालिकेचा छोटा ठेकेदार. काल संध्याकाळी एका ई-टेंडरच्या पहिल्या लिफाफ्याचा, म्हणजे कागदपत्रांचा, निकाल पोर्टलवर चढला. दराचा लिफाफा दुसरा, तो पात्र ठरलेल्यांचाच उघडतात. अपात्र. ठीक आहे, अपात्र व्हायची आपल्याला सवय आहे. पण कारण वाचा. "जिओ टॅग छायाचित्रामध्ये उपअभियंता पाठमोरे असल्याने स्थळपाहणीची खातरजमा होत नाही."

पाठमोरे!

अहो, त्यांना पाठमोरं मी केलं का? गटार आणि पेव्हर ब्लॉकचं 38 लाखांचं काम. त्यासाठी अट अशी की बोलीदाराने जागेवर जायचं, उपअभियंत्यांसोबत जिओ टॅगचा फोटो काढायचा, त्यांच्या सहीचा पाहणी दाखला घ्यायचा आणि ते सगळं पहिल्या लिफाफ्यात चढवायचं. मी गेलो. साहेब आले, गाडीतून एक पाय बाहेर ठेवला आणि म्हणाले, "काढा पटकन." मी मोबाईल वर धरला आणि नेमका त्यांना फोन आला. फोन घेऊन साहेब नाल्याकडे वळले. मी म्हटलं, "साहेब, जरा इकडे." त्यांनी मागे न बघता हात हलवला. त्या हाताचा अर्थ "काढलास ना, जा आता" असा होतो हे समजायला महापालिकेत पुरेशी वर्षं काढावी लागतात, ती मी काढली आहेत. फोटोत मी आहे. नाला आहे. तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, सगळं आहे. साहेबांचा घामेजलेला शर्ट आहे. आणि पाहणी दाखल्यावर त्याच साहेबांची सही आहे, शिक्का आहे, जावक क्रमांक आहे. म्हणजे ज्या माणसाने "हा जागेवर आला होता" असं लिहून दिलं, त्याच माणसाच्या टेबलावरून आता म्हणतात की हा आला होता का याची खातरजमा होत नाही.

आता पुढची मजा. पात्र ठरलेल्या तिघांची कागदपत्रं लॉगिन केल्यावर दिसतात. मी बघत बसलो. तिघांच्या फोटोत साहेब समोर बघतायत. हसतायत. तिन्ही फोटोंत हातात चहाचा तोच कागदी कप. वेळ 11.42, 11.42 आणि 11.43. एका फोटोच्या कडेला दुसऱ्या बोलीदाराचा अर्धा खांदा आलाय! एकमेकांशी स्पर्धा करणारे तीन ठेकेदार एकाच मिनिटात, एकाच नाल्यावर, एकाच गाडीतून उतरलेले. यावर कुणाला खातरजमा करावीशी वाटली नाही. माझा दर 17 टक्के बिलो, म्हणजे अंदाजित रकमेपेक्षा तितका कमी होता, तो लिफाफा उघडणारच नाही. पहिल्या आलेल्या सद्गृहस्थाचा दर 0.45 टक्के बिलो. बाकी दोघे अबव्ह, म्हणजे जास्त. याला सपोर्टिंग म्हणतात, एकाला काम मिळावं म्हणून बाकीच्यांनी मुद्दाम चढे दर भरायचे.

मला एक कळत नाही. ई-टेंडर आणलं कशासाठी? कोण भरतंय हे ऑफिसला आणि दुसऱ्या ठेकेदाराला आधी कळू नये म्हणूनच ना? पूर्वी टेंडरचा कोरा फॉर्म घ्यायला जावं लागायचं आणि दारात भाऊंची पोरं उभी असायची. ती पोरं गेली, डिजिटल सिग्नेचर आली, नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत कुणीही घरबसल्या भरू शकतो अशी भाषणं झाली. मग हळूच ही पाहणी दाखल्याची अट घुसवली. आता दारात पोरं उभी करायची गरजच नाही, बोलीदार स्वतःच साहेबांकडे जाऊन नाव, गाव, फर्म लिहून देतो. मी दाखला घेऊन जिना उतरलो नाही तोवर फोन. "शेठ, ते आपल्या माणसाचं काम आहे, तुमचं पुढच्या वेळी बघू." माझा नंबर कुणी दिला? देवाने?

आणि दाखल्याची अट नसेल तर प्लांटच्या पत्राची. रस्त्याचं काम असेल तर हॉटमिक्स म्हणजे डांबराचा प्लांट, काँक्रीट असेल तर आरएमसी म्हणजे तयार काँक्रीटचा, आणि प्लांट अमुक किलोमीटरच्या आतलाच हवा. त्या अंतरात प्लांट किती? एक. फार तर दोन. पत्र टेंडरच्या नावानिशी हवं. प्लांटवाला म्हणतो, "देतो की, भाऊंना विचारून देतो." संपलं. स्पर्धा तिथंच गटारात गेली, ते गटार बांधायचंही काम निघायच्या आधी.

अनुभवाच्या दाखल्याचं तर बोलूच नका. केंद्रीय दक्षता आयोगाचा हिशोब साधा आहे, टेंडरच्या अंदाजित रकमेच्या 80 टक्क्यांचं एक, 50 टक्क्यांची दोन नाहीतर 40 टक्क्यांची तीन तशीच कामं केलेली असावीत. बरं. आमच्याकडे त्याला शेपटी जोडतात, "तशीच" म्हणजे याच महापालिकेच्या हद्दीत, गेल्या तीन वर्षांतली, आणि पेव्हरचा रंगसुद्धा तोच असेल तर उत्तम. ज्याला मागच्या वेळी दिलं त्यालाच यंदा द्यायचं असेल तर सरळ त्याचा आधार नंबर अटीत छापा ना. आमचे टेंडर फीचे पैसे तरी वाचतील.

यावर आमच्या ठेकेदारांच्या ग्रुपवरचे शहाणे म्हणतात, "कोर्टात जा." हो, जातो. 38 लाखांच्या कामासाठी वकिलाला किती देऊ? दुसरे म्हणतात, "सिस्टममध्ये राहून काम करायला शिका." या वाक्याची मला भयंकर चीड आहे. हे म्हणणारा माणूस शंभर टक्के रिंगमध्ये, म्हणजे कामं आपसात वाटून घेणाऱ्या टोळीत, असतो आणि त्याच्या मोटारीवर "जय किसान" लिहिलेलं असतं.

आणि हे काही आमच्याच गल्लीतलं नाही. पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या टेंडरमध्ये कंपन्यांनी संगनमत केलं, असा निकाल स्पर्धा आयोगाने 2018 साली दिला. टेंडर 2014 च्या आसपासची. म्हणजे संगनमत झालं होतं हे ठरेपर्यंत त्या कचऱ्याचं खत होऊन त्यावर झाडं आली असती. मुंबईत 2014 साली ई-टेंडरमध्येच घोळ सापडला, ठरावीक लोकांनाच भरता येईल अशी सोय केल्याच्या आरोपावरून इंजिनिअर निलंबित झाले. तेव्हा आपण ग्रुपवर पेढ्याचे इमोजी टाकले होते. आठवतंय? लहान होतो.

मोठ्यांचा तर वेगळाच थाट. मुंबईत रस्ते काँक्रीटचं सहा हजार कोटींच्या आसपासचं टेंडर, पहिल्यांदा 2022 मध्ये प्रतिसाद नाही म्हणून रद्द, मग पुन्हा काढलं आणि 2023 च्या सुरुवातीला चारशे किलोमीटर रस्ते पाच कंपन्यांना वाटून टाकले. पाच! आमच्यासारख्यांनी त्यांच्या हाताखाली सब-कॉन्ट्रॅक्ट घ्यायचं, त्यांनी आपला टक्का कापायचा आणि खड्डा पडला की लोकांनी शिव्या समोर दिसणाऱ्याला द्यायच्या. समोर फावडं घेऊन आमचा माणूस असतो.

छोटी कामं म्हणाल तर तिथे तुकडे. ई-टेंडरची मर्यादा 3 लाखांची 10 लाखांवर गेली आणि आमच्या प्रभागातली सगळी कामं चमत्कार झाल्यासारखी 9 लाख 90 हजारांची निघायला लागली. एकाच गल्लीचे चार भाग, भाग अ, भाग ब, मारुती मंदिर ते चक्की, चक्की ते मारुती मंदिर. आणि काहीच जमलं नाही तर तातडीचं काम दाखवून महापालिका कायद्याच्या कलम 67(3)(क) खाली टेंडरशिवाय थेट देऊन टाकायचं. पावसाळा जूनमध्ये येतो ही बातमी महापालिकेला दर वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात मिळते.

काम मिळालं म्हणजे सुटलो असं कुणाला वाटत असेल तर त्याने अजून आरए बिल, म्हणजे चालू कामाचं बिल, लावलेलं नाही. कमी दर भरला म्हणून जादा अनामत. जितकं बिलो, तितकी जास्त. सही झाली, काम सुरू झालं, आणि 18 जुलै 2022 पासून जीएसटी 12 वरून 18 टक्के. माझं तेव्हा एक काम चालू होतं. फरकाची फाइल लेखा विभागात गेली, तिथून लेखापरीक्षण, तिथून विधी, आता ती कुठे आहे हे विचारलं की "प्रोसेसमध्ये आहे" म्हणतात. एमबीवर, म्हणजे मोजमाप पुस्तकावर, सही करायला ज्युनिअर इंजिनिअरला वेळ नाही, तो सर्व्हेच्या ड्युटीवर. बिल मार्चमध्ये लावलं तर निधी संपला, एप्रिलमध्ये लावलं तर निधी आला नाही. आणि डीएलपी, म्हणजे काम झाल्यावर दुरुस्ती आमच्याच गळ्यात असते तो काळ! मी केलेला रस्ता केबलवाल्याने खणला, परवानगी महापालिकेनेच दिली, नोटीस मला. "दोषदायित्व कालावधीत रस्ता नादुरुस्त आढळला." आढळणारच, मधोमध चर खणलाय.

असो. काल रात्री मी चार पानी हरकत लिहायला बसलो. "महोदय" पासून सुरुवात केली, अटी-शर्तींचे परिच्छेद क्रमांक घातले, तिघांच्या फोटोंच्या वेळा घातल्या, शेवटच्या पानावर जरा आवाज चढला आणि साहेबांच्या मागच्या तीन पिढ्यांचा उल्लेख आला, तो खोडला. बायको मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "आपल्या लग्नाच्या अल्बममध्ये तुम्ही एका तरी फोटोत कॅमेऱ्याकडे बघताय का? सगळीकडे केटररकडे बघताय." खरंय. या निकषाने आमचं लग्नही पहिल्याच लिफाफ्यात बाद. तिने हेही विचारलं की दर वेळी असंच होतं तर भरता कशाला. मी तिला म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही. मला तरी कुठे कळतं, पण वर्ग 5 ची ठेकेदार नोंदणी नूतनीकरण करून ठेवली आहे, ती फुकट कशी घालवायची.

सकाळी हरकत घेऊन गेलो. आवक-जावकच्या बाई म्हणाल्या, "टेंडर ऑनलाइन आहे, हरकतही ऑनलाइन." मी म्हटलं, पाहणी दाखल्याच्या वेळी मला प्रत्यक्ष का बोलावलंत? त्या म्हणाल्या, "ते वेगळं." कसं वेगळं ते नाही सांगितलं. त्यांच्या मागे भिंतीवर लाचलुचपतवाल्यांचा 1064 चा फलक आहे, तो अर्धा झाकेल असं कॅलेंडर टांगलंय. कॅलेंडर कुणाच्या फर्मचं आहे ओळखा. बरोब्बर, 0.45 टक्के.

उपअभियंत्यांच्या केबिनमध्येही गेलो. साहेब साइटवर. शिपाई म्हणाला, "बसा." ज्या खुर्चीवर बसवलं तिची एक पट्टी तुटलेली होती. फर्निचरचंही टेंडर निघालं असेल ना कधीतरी? शेवटी हरकत स्कॅन करून ईमेल केली. उत्तर लगेच आलं, मेलबॉक्स भरलेला आहे म्हणून.

आता राग बराच उतरलाय, खरं सांगायचं तर दुपारी जेवल्यावरच उतरला. पुढच्या प्रभागात पावसाळी गटाराचं 26 लाखांचं निघालंय, प्लांटचं पत्र लागत नाही, सरळ काम आहे. गुरुवारी पाचला बंद होतंय आणि शेवटच्या दिवशी सर्व्हर काय करतो हे माहीत असल्यामुळे मला बुधवारीच बोली फ्रीझ, म्हणजे पक्की, करून टाकायचीय. अडलंय फक्त उलाढालीच्या दाखल्यावर, त्यावर सीएच्या दाखल्याचा यूडीआयएन हा ओळख क्रमांक हवा आणि सीए सकाळपासून फोन उचलत नाहीये. त्याच्याबद्दलही मी एकदा सविस्तर लिहिणार आहे.