भोक पाडायचं नाही

परवा रात्री साडेनऊला मी माझ्याच घराच्या बाहेर उभा होतो. अंगात बनियन, खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी, हातात कचऱ्याची रिकामी बादली. मागे वाऱ्याने दार लागलं होतं. 'खट्' असा आवाज झाला. फार सुंदर आवाज होता तो. तीन आठवड्यांचे रविवार घालवून मी तो कमावला होता.

मुळात सुरुवात झाली साबणाच्या डबीपासून. एका संध्याकाळी कामावरून आलो, तर बाथरूममध्ये साबणाची डबी खाली पडलेली आणि बादली पालथी. मी एकटा राहतो. बादली पालथी घालून घराबाहेर पडायची मला सवय नाही. काही चोरीला गेलं नव्हतं, पण त्या रात्री मी दिवा चालू ठेवून झोपलो, म्हणजे झोपलो नाही.

घर तळमजल्यावर, आणि भाड्याचं. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणसाची कशी फरफट होते, ते दोन्हींपैकी एकच भोगणाऱ्याला कळायचं नाही. तळमजला म्हणतो, घर सांभाळ. घरमालक म्हणतो, भिंतीला हात लावू नकोस. मी दुसऱ्याच दिवशी घरमालकांना फोन केला.

"दाराला एक चांगलं कुलूप बसवून घेऊ का म्हणतो."

"बसवा की. फक्त भोक पाडायचं नाही."

"भोकाशिवाय कुलूप कसं बसणार?"

"आत्ताचं बसलंय ना?"

"त्याच्यासाठीही कुणीतरी भोक पाडलंच असेल."

"ते मी पाडलंय," ते म्हणाले. बोगदा खणल्यासारखा आवाज होता.

"पण आधीच्या भाडेकरूंकडे ह्या कुलपाच्या किल्ल्या असतील."

"सगळी चांगली माणसं होती."

"चांगल्या माणसांच्या किल्ल्या हरवतात हो."

"मग हरवलेल्या किल्लीला काय घाबरायचं? ती कुणाकडेच नसते."

ह्यावर काय बोलणार? माझ्या आधी ह्या घरात चार बिऱ्हाडं होऊन गेली. प्रत्येकाचा एखादा भाऊ, एखादी मैत्रीण, कामाला येणाऱ्या बाई, म्हणजे माझ्या दाराच्या किल्ल्या किती खिशांत फिरत असतील ह्याचा हिशोब कुणीच ठेवलेला नाही. मालकांच्या दृष्टीने ते दार त्यांचं, पण दारातून कुणी आत आला तर तो प्रश्न माझा. बरं, मी स्वतःच्या पैशाने कुलूप बसवायचं, आणि घर सोडताना ते काढून नेलं तर भोकांचे पैसे डिपॉझिटमधून कापून जाणार, ठेवून गेलो तर कुलूपही गेलं. हे मी गमतीने सांगतोय असं वाटत असेल, तर तसं नाही.

असो. शेवटी जुन्याच भोकांवर चपखल बसेल असं नवीन लॅच मी आणलं. दार ओढलं की आपोआप लागणारं, आणि पट्टी किंवा कार्ड सरकवून जीभ मागे ढकलता येणार नाही असं. जुनं लॅच कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं, जाताना परत लावायला. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या खाचेत झाडूचा दांडा कापून आडवा घातला. दाराला दोन तुकड्यांचा चुंबकी सेन्सर चिकटवला, एक तुकडा दारावर, एक चौकटीवर, दोघं लांब गेले की भोंगा. सगळं दुतोंडी टेपने. कॅमेराही काचेला आतूनच चिकटवला. पहिल्या रात्री त्यात नुसतं पांढरं धुकं दिसलं, कारण अंधारात पाहण्यासाठी तो जे इन्फ्रारेड दिवे लावतो त्यांचा उजेड काचेवर आपटून त्याच्याच डोळ्यात जात होता. ते दिवे बंद करून मी जिन्यातल्या बल्बवर त्याला सोडलं.

भोक पाडायचं नाही हा नियम मी एकदाच मोडला. दार लाथेने तुटतं तेव्हा बहुतेक वेळा कुलूप तुटत नाही, ज्या पट्टीत कुलपाची जीभ अडकते ती चौकटीतून उखडते. माझी पट्टी अर्ध्या इंचाच्या दोन स्क्रूंवर उभी होती. मी तिथे तीन इंची चार स्क्रूंची जाड पट्टी बसवली. रात्री, ड्रिलवर उशी धरून. दार बंद असताना ती दिसत नाही.

तर आता परवाची रात्र. पहिले आले ते तिसऱ्या मजल्यावरचे काका. हे काका जिन्यात नेहमी असतात. वर चाललेत की खाली, हे मला आजवर कळलेलं नाही.

"किल्ली आत राहिली वाटतं?"

"हो ना."

"मोबाइल?"

"तोही आतच."

"म्हणजे तुम्ही तेवढे बाहेर."

मी हसलो. एवढ्यात आतून 'टिंग' असा आवाज आला. काकांनी कान टवकारले.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही. खिडकीतल्या कॅमेऱ्याला माणूस दिसला की तो मोबाइलवर कळवतो."

"कुणाला?"

"मला."

"पण तुम्ही तर इथे."

"हो."

"आणि माणूस कुठला दिसला त्याला?"

"मीच."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग मुद्दाम एक पाऊल खिडकीसमोर टाकलं. टिंग. मागे घेतलं, पुन्हा टाकलं. टिंग. "छान आहे हो!" म्हणाले. नंतर त्यांनी दारावर दोन गुद्दे मारले, खांदा लावून पाहिला. "दार भक्कम आहे."

"मीच करून घेतलं भक्कम."

"कशाला?"

"कुणी आत शिरू नये म्हणून."

काकांनी मला चड्डीपासून बनियनपर्यंत न्याहाळलं. "मग चाललंय की व्यवस्थित."

तोवर आणखी चार-सहा जण जमले. एकाने चावीवाल्याला फोन लावला, तो म्हणाला तासाभरात येतो. आता ह्या तासाचं काय करायचं, म्हणून काकांनी खिशातून लायब्ररीचं कार्ड काढलं आणि दाराच्या फटीत घातलं. मी म्हटलं, "काका, ह्या लॅचला कार्ड चालत नाही." ते म्हणाले, "माझं चालतं." कार्डाचे दोन तुकडे झाले. अर्धा तुकडा अजून दारातच आहे, आणि त्याच्या भरपाईचा विषय काका रोज न काढल्यासारखा काढतात.

खरं म्हणजे कुलपाचा असा जाहीर तमाशा मला नवा नाही, वाचून तरी. ह्या कुलपाच्या नादात मी रात्ररात्र तेच वाचत बसलो होतो. लंडनमध्ये जोसेफ ब्रामाच्या कंपनीने 1790च्या सुमारास दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलं होतं, आणि हे उघडेल त्याला 200 गिनी असं जाहीर केलं होतं. साठएक वर्षं ते कुणाला उघडलं नाही. 1851च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेहून आलेल्या ए. सी. हॉब्जने ते उघडलं, पण त्यालाही सोळा दिवसांत मिळून 51 तास लागले. माझ्या दारापुढे उभं राहून मला त्या 51 तासांचा मोठा आधार वाटत होता. त्याच वेळी बनियनमध्ये थंडीही वाजत होती.

आणि आठवण आली ती मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन ह्या बाईंची. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या नर्स. वेळीअवेळी घरी एकट्या असायच्या, म्हणून नवऱ्याबरोबर त्यांनी घरासाठी कॅमेऱ्याची यंत्रणा आखली. 1966मध्ये अर्ज केला, 1969मध्ये पेटंट मिळालं. दाराबाहेर कोण उभं आहे ते आत पडद्यावर पाहायचं, आणि वाटलं तर लांबूनच बटण दाबून दार उघडायचं. असं एक बटण माझ्याकडे असतं, तर तेही घरातच राहिलं असतं म्हणा. पण मला त्या पेटंटमधली दुसरीच गोष्ट लागली होती. वेगवेगळ्या उंचीची माणसं दिसावीत म्हणून त्या दाराला चार भोकं होती. एकाच दाराला चार! त्यांच्या घरमालकाचा उल्लेख पेटंटमध्ये नाही.

"मी उघडू का?"

दुसऱ्या मजल्यावरची मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची. कुणी लक्ष दिलं नाही. तेव्हा खिडकीच्या दांड्याची चर्चा चालू होती. तो काढता येईल का, असं एक जण विचारत होते आणि तो कसा काढता येणार नाही हे मी अभिमानाने सांगत होतो. "काका, मी उघडू का?" तिने पुन्हा विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता इमारतीच्या मागे निघून गेली. काकांनी मोबाइल काढून चित्रीकरण सुरू केलं, आपण का करतोय हे त्यांनाही माहीत नसावं.

दीड मिनिट झालं असेल. आत दिवा लागला. लॅच फिरलं, दार उघडलं आणि त्याच क्षणी माझा भोंगा असा बोंबलला, की उरलेली इमारतही खाली आली. मुलगी कानांवर हात ठेवून उंबऱ्यात उभी होती. पाय पुसून आली होती.

भोंगा बंद केल्यावर मी विचारलं, "कुठून गेलीस तू?"

"बाथरूमच्या खिडकीतून. त्या काचेच्या पट्ट्या आहेत ना, त्या निघतात."

"तुला कसं माहीत?"

"नेहमीच जाते की. चेंडू आत पडला की."

सगळे शांत झाले. मी बाथरूममध्ये जाऊन पाहिलं. ज्या खिडकीला गज हवा हे घरमालकांच्या, चारही भाडेकरूंच्या आणि तीन आठवडे अभ्यास केलेल्या माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, तिच्या चार पट्ट्या नळाजवळ एकावर एक नीट रचून ठेवल्या होत्या. खाली बादली पालथी.

"त्यावर पाय ठेवून उतरायचं," ती मागून म्हणाली. "ह्या वेळी साबणाची डबी नाही पाडली."

"आणि ह्या पट्ट्या?"

"जाताना परत लावते मी. वस्तू जागच्या जागी ठेवायची."

तिला काय म्हणणार? मी थँक्यू म्हटलं. मला रागही आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून चावीवाल्यावर काढला. तो तेवढ्यात येऊन पोचला होता. त्याने उघडं दार पाहिलं, लॅचवर बोट फिरवलं, "चांगलं आहे," म्हणाला आणि येण्याचे पैसे घेऊन गेला.

काकांनी रात्रीच व्हिडिओ इमारतीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'तळमजला, दीड मिनिट.' सकाळपर्यंत तो घरमालकांपर्यंत पोचला, आणि आठच्या सुमारास त्यांचा फोन आला. मी पाठ करून ठेवलं होतं, बाथरूमच्या खिडकीला गज लागतील, गजांना भोकं लागतील, आणि आता तरी तुम्हाला ते पटावं.

"व्हिडिओ पाहिला," ते म्हणाले.

"बरं झालं पाहिलात. त्या खिडकीचं आता..."

"दार उघडतं तिथे थांबवून पाहिला. चौकटीत ती पट्टी आहे बघा."

"हो."

"तिथे दोन भोकं होती."

"हो."

"आता किती आहेत?"