ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर मिसळायचा तो मेसेज पुढे पाठवू नका

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज फिरतोय. 'संडासचे पिवळे डाग जात नाहीत? ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर समसमान ओता, ताकद डबल. अर्धा तास दार लावून ठेवा. नाकाला झोंबलं की समजा जंतू मेले. शंभर टक्के सेफ.' काल मावशीचा फोन, "करून बघू का गं?" म्हणून लिहितेय, नाहीतर असल्या मेसेजच्या नादी लागत नाही मी.

ताकद डबल होत नाही, संपते. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि भांड्यात उरतं मिठाचं पाणी. दोन बाटल्यांचे पैसे पाण्यात. ब्लीचिंग पावडरचंही तेच.

पण दार लावून ठेवा? हे ज्याने लिहिलं त्याला आधी आत कोंडला पाहिजे. क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड, तो वरच्या झरोक्यातून पटकन निघून जात नाही, खाली फरशीलगत साचतो, आणि तिथेच उकिडवं बसून कोणीतरी ब्रशने घासत असतं. 22 एप्रिल 1915 ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने हाच वायू सोडला होता, जड म्हणूनच तो खंदकांत उतरला. नाक झोंबतं ते घशा-फुप्फुसांतल्या ओलाव्यात त्याचं ॲसिड होतं म्हणून, जंतू मेल्याची ती पावती नाही.

'शंभर टक्के सेफ'साठी एकच उदाहरण देते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने एप्रिल 2020 मध्ये छापलेली केस आहे, एका बाईने भाजी धुवायला सिंकमध्ये ब्लीच, व्हिनेगर आणि गरम पाणी एकत्र केलं, श्वास लागला, ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. लक्षात घ्या, नुसतं व्हिनेगर होतं ते.

क्लोरीनने जंतू मरतात हे खरंय, तेवढं मान्य. गावात विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडरच, त्याचसाठी टाकतात, पण मापात, आणि त्यावर ॲसिड ओतत नाही कोणी.

त्याच मेसेजमध्ये खाली सोडा-व्हिनेगरचीही टीप आहे. फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड, त्याने काही बिघडत नाही आणि तुंबलेला पाइपही फारसा मोकळा होत नाही.

डाग बहुतेक क्षारांचे असतात, त्याला एकटं ॲसिडवालं क्लीनर पुरतं, दार उघडं ठेवून. आणि कोणी ऑलरेडी मिसळलं असेल तर आत थांबून साफ करत बसू नका, आधी बाहेर मोकळ्या हवेत या, खोकला किंवा धाप थांबत नसेल तर सरळ दवाखाना गाठा, त्रास काही तासांनीही वाढू शकतो.