पिंपात पडलेला माणूस

मुलुंडला आमचा तळमजला आहे. मागे चार पावलांची जागा, तिला घरात ‘बाग’ म्हणतात. अळू, कढीपत्ता, एक मोगरा आणि कुणीही न लावता उगवलेली पपई. एका मे महिन्यात पाणीकपात सुरू झाली आणि हिने मोगऱ्याच्या वाट्याची बादली बंद केली. त्या रात्री मी हिशेब मांडला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमची पत्र्याची शेड 10 चौरस मीटर, मुंबईत वर्षाला पाऊस साधारण 2,200 मिलिमीटर. म्हणजे 22 हजार लिटर, तेही फुकट! हिला झोपेतून उठवून आकडा सांगितला.

“ठेवणार कशात?” असं म्हणून ती कुशीवर वळली.

कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून 200 लिटरचं निळं पिंप घेतलं. आत लोणचं होतं, असं तो शपथेवर म्हणाला. घरी आणून तीनदा धुतलं, तिन्ही वेळा फेस आला. लोणच्याला फेस येत नाही एवढं मलाही कळतं.

आता नळ. तळापासून चार बोटं वर भोक पाडलं, वॉशर घातला, टेफ्लॉन टेप गुंडाळली. आतला नट मात्र आतूनच आवळावा लागतो, आणि माझा हात तिथवर पोहोचेना. म्हणून पिंप आडवं करून कमरेपर्यंत आत शिरलो. नेमके तेव्हाच सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांना फक्त पाय दिसले. “कोण आहे आत?” या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर पिंपात इतकं घुमलं की ते दोन पावलं मागे सरले. एवढं करूनही नळ गळायचा तो गळलाच. वरून एम-सील थापलं, गळती थोडी लाजली.

पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं असतं. पत्र्यावर कबुतरांनी आठ महिने ठेव जमा केलेली असते. हे मला ठाऊक होतं, पण धीर कुणाला? पिंपात चहा जमला. ओतून दिला. पुढच्या सरींत पिंप दुपारभरात काठोकाठ भरलं, आणि मग लक्षात आलं की नळाखाली झारी मावत नाही. विटांचा ओटा आधी करायचा असतो. 200 किलोचं पिंप उचलून विटा सरकवणारा माणूस मुलुंडमध्ये तरी मिळाला नाही. पुन्हा ओतलं.

ओटा झाला, पिंप भरलं. उरलेलं पाणी बोळातून सेक्रेटरींच्या स्कूटरकडे निघालं. शिवाय पूर्ण चार महिने आमची बागच घोटाभर पाण्यात उभी! अळूला पाणी घालायचं म्हणजे आधी त्याला पाण्यातून बाहेर काढायला हवं. नळ मी फक्त पाहुण्यांना दाखवायला सोडत असे.

ऑगस्टमध्ये डास तपासणारे आले. तोंडाला बांधलेली जाळी एका कोपऱ्यात मांजराने फाडली होती. टॉर्च आत मारून ते म्हणाले, “काका, पाळलेत का?” डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो आणि आठवडाभरात पोरंबाळं उडायला लागतात, हे त्यांनी मला शाळेतल्या मुलासारखं समजावलं. मग पिशवीतून आणलेले सहा गप्पी मासे पिंपात सोडून गेले. अळ्या दोन दिवसांत संपल्या. लेकीने सहाही माशांची नावं ठेवली.

ऑक्टोबर उजाडला. पाऊस परतला, ऊन तापलं, मोगऱ्याने माना टाकल्या. ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप केला तो आला. झारी घेऊन मी निघालो, तर पिंपापुढे लेक हात पसरून उभी.

“बाबा, त्यांनी कुठे जायचं?”

निम्मं तरी, म्हणून मी घासाघीस केली. निम्म्या पाण्यात सगळे कोंडतील म्हणाली. तेव्हापर्यंत सहाचे चाळीस झाले होते.

हल्ली रोज रात्री मी एक बादली नळाचं पाणी भरून ठेवतो, क्लोरीन उडून जावं म्हणून. सकाळी ते पिंपात ओततो. बादली मोगऱ्याचीच. त्याच्यासाठी मी एम-सील काढून टाकलंय. नळ गळतो, तेवढं त्याला मिळतं.