पेशी फोडली तरी हिमोग्लोबिन बनतं!

एक मेसेज खूप फिरतोय, की लाल पेशीत केंद्रक नसतं म्हणून तिथे हिमोग्लोबिन बनूच शकत नाही, पेशी फोडली की प्राणशक्ती जाते आणि सगळं थांबतं, आणि लोह फक्त शेवटी येऊन चिकटतं, त्यामुळे लोहाच्या गोळ्यांचा काही उपयोग नाही. आमच्या मावशीने हे वाचून गोळ्या थांबवल्या म्हणून लिहायला बसलो.

केंद्रकाचं अर्धंच खरंय. पूर्ण तयार झालेल्या पेशीत प्रथिनं बनवणारे रायबोसोमपण नसतात, तिथे काही बनत नाही, मान्य. पण तिच्या आधीची जी कच्ची पेशी, रेटिक्युलोसाइट, तिने केंद्रक टाकून दिलेलं असलं तरी ग्लोबिनचा, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाचा, एमआरएनए (ते बनवायच्या सूचनांची प्रत) आधीच काढून ठेवलेला असतो आणि रायबोसोम शिल्लक असतात. रिपोर्टमध्ये रेटिक काउंट असतो ना, तो मोजताना रंग टाकल्यावर पेशीत जे जाळं दिसतं ते या उरलेल्या आरएनएचंच!

आता प्राणशक्ती. १९५८ साली श्वीट, लॅमफ्रॉम आणि ॲलन यांनी सशाच्या रेटिक्युलोसाइट फोडल्या, आतले रायबोसोम आणि एन्झाइम घेतले, वर ऊर्जेसाठी एटीपी, जीटीपी आणि किरणोत्सारी ल्युसिन (प्रथिनाच्या साखळीतला एक घटक) घातलं, आणि ते ल्युसिन हिमोग्लोबिनमध्ये जाऊन बसलं. यावर कोणी म्हणेल की पेशीत अर्धवट राहिलेल्या साखळ्याच फक्त पूर्ण झाल्या असतील, आणि ही शंका रास्त आहे, तेव्हा बऱ्याच अंशी तसंच होतं. पण १९६९ मध्ये लॉकार्ड आणि लिंग्रेलने सशाच्या अशाच फोडलेल्या पेशींच्या द्रवात उंदराचा ९एस आरएनए, म्हणजे ग्लोबिनचा एमआरएनए असलेला भाग, टाकला आणि त्यातून उंदराचं बीटा ग्लोबिन (ग्लोबिनच्या साखळ्यांपैकी एक) तयार झालं, सशाच्या पेशीत ते अर्धवट तरी कुठून असणार?

लोहाचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. याच द्रवात हेमिन, म्हणजे लोह असलेला हीम (हिमोग्लोबिनचा प्रथिन नसलेला भाग), घातला नाही तर काम सुरू होतं आणि काही मिनिटांत एकदम मंदावतं, घातला तर बराच वेळ चालू राहतं. कारण हीम कमी पडला की एचआरआय नावाचं एन्झाइम जागं होतं, ते ईआयएफ२ या साखळी सुरू करायला लागणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं आणि मग रायबोसोमला नवीन साखळी सुरूच करता येत नाही. म्हणजे लोह शेवटी चिकटणारं नाही, ग्लोबिन बनवायचं की नाही हेच त्याच्यावर ठरतं, आणि मावशीच्या रिपोर्टमध्ये पेशी लहान आणि फिकट लिहिल्यात त्या यामुळेच.